मांडवली नको, मध्यस्थी हवी



उधारी वसुलीच्या व्हिडिओनंतर एकच प्रश्न वेगवेगळ्या शब्दांत येतोय. "सर, पार्टी मोठी आहे. पैसे अडकलेत. कोर्टात जायला ना वेळ ना पैसा. आणि भांडलो तर पुढची ऑर्डर जाणार. मग करायचं काय?" याचं उत्तर व्हिडिओत दोन मिनिटांत देता येत नाही, म्हणून इथे सविस्तर लिहितोय. चहा घेऊन बसा.

माझं मत आधीच सांगून टाकतो. छोट्या धंद्यासाठी मध्यस्थी हे वाद सोडवायचं सगळ्यात कामाचं हत्यार आहे. पण आपल्या बाजारात मध्यस्थी या नावाखाली जे चालतं, त्यातलं बरंचसं मध्यस्थी नसतंच. ती मांडवली असते. कुणीतरी वजनदार माणूस मध्ये बसतो, दोघांकडे बघतो, कोण जास्त दबेल याचा अंदाज घेतो आणि दबणाऱ्याला म्हणतो, "घ्या ना मिटवून, धंदा करायचाय तुम्हाला." दबणारा कोण असतो? बहुतेक वेळा तुम्ही.

एक उदाहरण घेऊ. समजा भोसरीत तुमचं पुठ्ठ्याच्या खोक्यांचं छोटं युनिट आहे. उद्यम नोंदणी आहे, सहा कामगार आहेत. चाकणच्या एका कंपनीला तुम्ही माल दिला, त्याचे ४ लाख ८० हजार रुपये यायचेत. द्यायची तारीख उलटून १४ महिने झाले. फोन केला की अकाउंट्सवाले म्हणतात परचेसला विचारा, परचेसवाले म्हणतात साहेब टूरवर आहेत. आणि एक दिवस अचानक मेल येतो की तुमच्या मालात रिजेक्शन होतं, म्हणून पेमेंट होल्डवर आहे.

मग तुम्ही असोसिएशनमधल्या एखाद्या ज्येष्ठ सभासदाला गाठता. भला माणूस. ओळखी आहेत. पण तो स्वतःही त्याच कंपनीला माल देतो. तो परचेस मॅनेजरला भेटून येतो आणि सांगतो, "अडीच लाखांत करून टाक. मी शब्द दिलाय." तुम्ही त्याला विश्वासाने सांगितलं होतं की या महिन्यात मशीनचा हप्ता थकलाय, कसंही करून तीन लाख तरी मिळू देत. ते वाक्य तसंच्या तसं पलीकडे पोचलेलं असतं. म्हणून तर आकडा तीनच्या खाली आला!

या माणसाने मुद्दाम दगा दिला असं मी म्हणत नाही. पण बघा, या एका बैठकीत किती गोष्टी चुकल्या. त्याचा स्वतःचा धंदा त्या कंपनीवर अवलंबून आहे, ते कुणी उघड बोललं नाही. तुमचं गुपित राहिलं नाही. आकडा त्याने ठरवला, तुम्ही नाही. आणि नाही म्हणायची सोयच ठेवली नाही, कारण आता "नाही" म्हटलं तर ज्येष्ठ माणसाचा शब्द मोडला असं होतं.

खऱ्या मध्यस्थाचं काम वेगळं असतं. तो निकाल देत नाही. निकाल देतो तो लवाद. लवादाकडे गेलात की त्याचा निवाडा दोघांवर बंधनकारक असतो, आवडो न आवडो. मध्यस्थ फक्त दोघांना नीट बोलायला, ऐकायला आणि स्वतःचा तोडगा स्वतः काढायला मदत करतो. पटलं तर सही, नाही पटलं तर उठून जायचं. हा फरक पक्का लक्षात ठेवा, कारण आपल्याकडे 'पंच', 'लवाद', 'मध्यस्थ' हे शब्द सर्रास एकमेकांच्या जागी वापरतात आणि मग सही करताना घोळ होतो.

आपल्याकडे वाद बाहेर मिटवण्याची परंपरा जुनी आहे. शिवकाळात आणि पेशवाईत गोतसभा बसायची, निर्णयाचा महजर लिहिला जायचा, त्यावर पाटलाची नांगराची निशाणी आणि बलुतेदारांच्या आपापल्या निशाण्या असायच्या. अगदी अलीकडे, १५ ऑगस्ट २००७ पासून, महाराष्ट्रात महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहीम सुरू झाली. आर. आर. पाटील तेव्हा गृहमंत्री होते. गावोगावी समित्या झाल्या, कित्येक तंटे चावडीवरच मिटले. मला या परंपरेतली एक गोष्ट फार आवडते, ती म्हणजे झालेलं सगळं चारचौघांसमोर कागदावर यायचं. आणि एक गोष्ट खटकते. गावाच्या बैठकीत सगळ्यांचा आवाज सारखा कधीच नव्हता. ज्याची जमीन मोठी, जात वरची, त्याचं म्हणणं आधी ऐकलं जायचं. परंपरेचं कौतुक करताना हे विसरून चालणार नाही, कारण तीच सवय आज औद्योगिक वसाहतीतल्या ऑफिसात खुर्ची टाकून बसलेली दिसते.

आता कायदा काय म्हणतो ते पाहू. घाबरू नका, कलमांचा मारा करत नाही. मध्यस्थता कायदा २०२३ साली संसदेने केला. त्यात लिहिलंय की मध्यस्थाने स्वतःचे हितसंबंध आधी उघड करायचे, तोडगा लादायचा नाही, बैठकीत बोललेलं गुप्त ठेवायचं, आणि त्याच वादात नंतर लवाद किंवा कुणाचा वकील म्हणून उभं राहायचं नाही. काम १२० दिवसांत संपवायचं, दोघांची संमती असेल तर आणखी ६० दिवस. या कायद्यातली काही कलमं ९ ऑक्टोबर २०२३ पासून लागू झाली, सगळी एकदम झाली नाहीत. त्यामुळे तुमच्या प्रकरणाला नेमकं कुठलं कलम लागू पडतं ते वकिलाला विचारा. पण कलम लागू असो नसो, चांगला मध्यस्थ ओळखायचा कसा याची मोजपट्टी म्हणून हे चार मुद्दे आजपासून वापरता येतात. मध्ये बसणाऱ्याला सरळ विचारा, "दादा, तुमचा यांच्याशी काही व्यवहार आहे का?" या प्रश्नाने जो चिडेल, त्याच्यासमोर बसू नका.

आकडे घेऊन बसा

भोसरीच्या उदाहरणाकडे परत येऊ. तीच केस नीट मध्यस्थीत गेली तर काय होतं? तर तुम्ही रडगाणं घेऊन जात नाही, फाइल घेऊन जाता.

एमएसएमई विकास कायदा २००६ सालचा आहे. त्यानुसार सूक्ष्म किंवा लघु उद्योगाकडून माल घेतला तर लेखी करारात काहीही लिहिलेलं असो, पैसे ४५ दिवसांच्या आत द्यावेच लागतात. लेखी करार नसेल तर १५ दिवसांत. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दराने, दर महिन्याला चक्रवाढ व्याज. समजा हिशोबासाठी बँक रेट ६ टक्के धरला, तर व्याज १८ टक्के. तुमच्या ४ लाख ८० हजारांवर १४ महिन्यांचं व्याज होतं सुमारे १ लाख ११ हजार. म्हणजे टेबलावरचा आकडा ४.८० नाही, ५.९१ आहे. अडीच लाखांत मिटवा म्हणणारा माणूस तुम्हाला निम्म्याहून जास्त सोडायला सांगत होता.

आणि ते रिजेक्शन? त्याच कायद्यात आहे की मालाबद्दल तक्रार असेल तर डिलिव्हरीपासून १५ दिवसांच्या आत लेखी कळवायची. नाही कळवली तर माल स्वीकारला असं धरलं जातं. चौदा महिन्यांनी आलेला मेल हा आक्षेप नसतो, बहाणा असतो. मात्र तुमच्याकडे सही-शिक्क्याचं डिलिव्हरी चलान पाहिजे. ते नसेल तर हा मुद्दा लंगडा पडतो. चलानवर सही घेत नसाल, तर ती सवय उद्यापासून लावा.

पलीकडच्यालाही अडचणी असतात, त्या तुम्हाला माहीत पाहिजेत. जीएसटीत इनव्हॉइसच्या तारखेपासून १८० दिवसांत पैसे दिले नाहीत तर खरेदीदाराला घेतलेलं इनपुट क्रेडिट व्याजासह परत करावं लागतं. पैसे दिल्यावर ते पुन्हा घेता येतं. आयकरात ४३बी(एच) आहे, आर्थिक वर्ष २०२३-२४ पासून. सूक्ष्म, लघु उद्योगाचे पैसे मुदतीत दिले नाहीत तर ती रक्कम खर्च म्हणून धरली जात नाही. ज्या वर्षी प्रत्यक्ष देतील त्या वर्षी धरली जाते. म्हणजे तुमचे पैसे अडवणं त्यांनाही फुकट पडत नाही. हे धमकीच्या सुरात बोलू नका, कागद पुढे सरकवा. "तुमच्या सीएला एकदा दाखवा" एवढंच म्हणा. आवाज वाढवण्यापेक्षा हे जास्त लागतं.

इथे मध्यस्थाचं कौशल्य दिसतं. तो दोघांशी वेगवेगळा बोलतो. तुम्ही त्याला सांगता की महिनाअखेरपर्यंत दोन लाख हातात आले नाहीत तर बँकेचा हप्ता चुकेल. हे तो पलीकडे बोलत नाही, पण पहिला हप्ता लवकर आणि मोठा असावा याकडे बोलणं वळवतो. पलीकडे परचेस मॅनेजर त्याला खासगीत सांगतो की गेल्या वर्षी एका लॉटमध्ये खोकी पावसात मऊ पडली, एक्स्पोर्टचा माल परत आला आणि वरच्या साहेबांनी त्याला झापलं होतं. लेखी तक्रार त्याने केली नाही हे त्यालाही कळतंय. त्याला खरं तर वरच्यांसमोर काहीतरी दाखवायला हवंय. हे त्याने तुमच्यासमोर कधीच कबूल केलं नसतं.

मग तोडगा कसा निघू शकतो? मुद्दल पूर्ण, तीन हप्त्यांत. व्याजातला मोठा भाग तुम्ही सोडता, पण हप्ता चुकला तर सोडलेलं सगळं व्याज परत लागू. पुढच्या सहा महिन्यांच्या खोक्यांसाठी पुठ्ठ्याची ताकद आणि ओलाव्याची मर्यादा लेखी ठरवायची. माल गेटवरच तपासायचा. कोर्टाचा निकाल तुम्हाला पैसे मिळवून देईल, पण ओलाव्याची मर्यादा कुठलं कोर्ट ठरवून देणार? माझ्या मते मध्यस्थीचा खरा फायदा इथे आहे. वाद पैशांचा दिसतो, दुखणं बऱ्याचदा दुसरीकडे असतं.

सगळं सोडायचं का, किती सोडायचं, हे मात्र घरातून निघतानाच ठरवून जा. कागदावर लिहा: आज मिटलं नाही तर माझ्याकडे दुसरा रस्ता कोणता, त्याला किती महिने लागतील, किती खर्च येईल. त्यापेक्षा कमी मिळत असेल तर उठा. उठताना हात मिळवा.

टेबलावर कोण बोलतंय?

आता त्या विषयाकडे येतो ज्यावर फारसं कुणी बोलत नाही.

समजा तिघी जणींनी मिळून पापड-कुरडया-चटण्यांचा व्यवसाय काढलाय. एक बँकेचे व्यवहार बघते. एकीचे यजमान टेम्पोने माल पोचवतात, ऑर्डरी आणतात. तिसरी भट्टीवर उभी राहते, सगळी चव तिच्या हातात. तिला सही करता येते, वाचता मात्र फारसं येत नाही. दिवाळीची मोठी ऑर्डर झाली, नफा वाटताना भांडण झालं. मध्यस्थ म्हणून बोलावलं कुणाला? एकीच्या दिराला. बैठकीत बोललं कोण? तिघींचे नवरे! भट्टीवरच्या ताई दाराशी उभ्या, चहाचे कप गोळा करतायत. शेवटी कागद पुढे आला, सगळ्यांनी सह्या केल्या. त्याही सही करून घरी गेल्या आणि दुसऱ्या दिवसापासून कामावर आल्या नाहीत. व्यवसाय बंद. तोडगा कागदावर उत्तम होता.

असं मी बचत गटांच्या शिबिरांत वेगवेगळ्या रूपांत पाहिलंय. सर्वांना बोलू द्या, हे फक्त चांगुलपणाचं बोलणं नाही. ज्याच्या कामावर तोडगा चालणार आहे, त्याला तो समजला आणि पटला नसेल तर तो टिकत नाही. इतका सरळ धंद्याचा हिशोब आहे.

म्हणून मध्यस्थीला बसण्याआधी काही गोष्टी मागून घ्या. लाजू नका. भाषा मराठी हवी असेल तर मराठी मागा. इंग्रजी कागद असेल तर सहीपूर्वी मोठ्याने मराठीत वाचून समजावून घ्या. भागीदार ताई असतील तर मध्यस्थाने त्यांच्याशी थोडा वेळ एकट्याने बोलावं, नवरा-भाऊ बाहेर थांबतील. भागीदाराला ऐकू येत नसेल तर सांकेतिक भाषा जाणणारा दुभाषी हवा, आणि तो घरातला नको, कारण घरातला माणूस भाषांतर करताना आपलं मतही घुसवतो. जिना चढता येत नसेल तर तळमजला. भाजीवाल्याला, हॉटेलवाल्याला सकाळी अकराची वेळ देऊ नका, त्याचा दिवसाचा गल्ला बुडतो. मध्यस्थ या गोष्टी स्वतःहून विचारत असेल तर समजा माणूस कामाचा आहे.

एक माहिती बऱ्याच जणींना नसते. विधी सेवा प्राधिकरण कायदा १९८७ च्या कलम १२ नुसार स्त्रियांना मोफत विधी साहाय्य मिळतं, उत्पन्न कितीही असलं तरी. अनुसूचित जाती-जमातींतल्या आणि दिव्यांग व्यक्तींनाही. जिल्हा न्यायालयाच्या आवारात जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचं ऑफिस असतं. मध्यस्थीत बसण्याआधी तिथे वकिलाचा सल्ला घेता येतो. पलीकडचा वकील घेऊन आला आणि तुम्ही एकटे, असं बसायची गरज नाही.

तटस्थ असणं म्हणजे दोघांना समोरासमोर बसवून "बोला आता" म्हणणं, असा काही मध्यस्थांचा समज असतो. मला तो पटत नाही. एका बाजूला लीगल डिपार्टमेंट आणि दुसऱ्या बाजूला रात्रपाळी करून आलेला वेल्डर असेल, तर गप्प बसलेला मध्यस्थ आपोआप लीगल डिपार्टमेंटच्या बाजूचा होतो. त्याने वेल्डरचा पक्ष घ्यायचा नाहीये. पण "तुम्हाला हे कलम समजलं का, तुमच्या शब्दांत सांगा बघू" एवढं विचारणं त्याचं काम आहे.

घड्याळ चालूच असतं

आता सावधगिरी. पैशांच्या दाव्याला साधारण तीन वर्षांची मुदत असते. ओळखीच्या माणसाकडून चाललेल्या बोलण्यांमुळे ही मुदत थांबत नाही. "बोलणं चालू आहे" म्हणत दोन वर्षं अकरा महिने काढणाऱ्या पार्ट्या आहेत, आणि त्यांना तारीख तुमच्यापेक्षा चांगली पाठ असते. मुदत संपण्याआधी देणं मान्य असल्याचं सहीचं पत्र मिळालं तर तिथून नवी मुदत सुरू होते. म्हणून बोलणी करतानाच बाकीच्या रकमेवर सही-शिक्का घेऊन ठेवा.

चेक बाउन्स असेल तर तारखा आणखी कडक आहेत. बँकेचा मेमो मिळाल्यापासून ३० दिवसांत नोटीस गेलीच पाहिजे. नोटीस मिळाल्यावर समोरच्याला १५ दिवस, ते उलटले की एका महिन्यात तक्रार. आधी नोटीस पाठवा, मग मिटवायला बसा. हा गुन्हा आपसांत मिटवता येतो, त्यामुळे नोटीस दिली म्हणजे समेटाचं दार बंद झालं असं नाही.

खोटी कागदपत्रं, बनावट सही, फसवणुकीचा संशय, किंवा माल रातोरात हलवला जाईल अशी भीती, अशा वेळी चहा प्यायला बसू नका. सरळ वकील गाठा. आणि जिथे कुणी धमकावतंय तिथे तर नाहीच नाही. भीतीखाली केलेली सही ही तडजोड नसते.

जायचं कुठे? उद्यम नोंदणी असलेल्या सूक्ष्म आणि लघु उद्योगांसाठी फॅसिलिटेशन कौन्सिल आहे, महाराष्ट्रात विभागवार. अर्ज ऑनलाइन होतो. तिथे आधी समेटाचा प्रयत्न होतो, नाही जमलं तर प्रकरण लवादाकडे जातं. समेटात तुम्ही बोललेला आकडा पुढे तुमच्याविरुद्ध पुरावा म्हणून वापरता येत नाही, त्यामुळे मोकळेपणाने बोला. निवाडा तुमच्या बाजूने लागला आणि खरेदीदाराला तो कोर्टात आव्हानायचा असेल, तर आधी ७५ टक्के रक्कम भरावी लागते. समेटाच्या टेबलावर तुमच्या मागे ही ताकद उभी असते. पण नोंदणी माल देण्याआधीची हवी. वाद झाल्यावर धावत जाऊन उद्यम काढणाऱ्यांना अडचण येते. निव्वळ ट्रेडिंग करणाऱ्यांनीही लक्षात घ्या, उद्यम नोंदणी तुम्हाला मिळते पण उशिरा पेमेंटचं हे संरक्षण मिळत नाही.

ट्रेडर असाल, किंवा वाद भागीदाराशी, गाळामालकाशी, डीलरशी असेल, तर दुसरा रस्ता. व्यापारी वाद ३ लाख रुपये किंवा त्याहून जास्तीचा असला आणि तातडीचा मनाई हुकूम नको असेल, तर दाव्याआधी मध्यस्थी करणं सक्तीचं आहे. व्यापारी न्यायालय कायद्यात २०१८ साली कलम १२ए आलं. पाटील ऑटोमेशन खटल्यात २०२२ साली सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट सांगितलं की हे टाळून दाखल केलेला दावा फेटाळला जाईल. अर्ज विधी सेवा प्राधिकरणाकडे. ३ ते १० लाखांच्या वादासाठी मध्यस्थीची फी एकूण १५ हजार, दोघांत निम्मी. तीन महिन्यांची मुदत, दोघांच्या संमतीने आणखी दोन महिने. आणि हा काळ दाव्याच्या मुदतीत धरत नाहीत. समोरचा आलाच नाही तर तसा अहवाल मिळतो आणि तुमचा दाव्याचा रस्ता मोकळा. इथे झालेला समझोता लवादाच्या निवाड्यासारखा अमलात आणता येतो. असोसिएशनच्या ऑफिसात साध्या कागदावर केलेला समझोता मोडला तर पुन्हा दावा लावावा लागतो. फरक कळला ना?

"पण सर, कौन्सिलमध्ये गेलो तर ऑर्डर बंद होईल." होऊ शकते, मी खोटं सांगणार नाही. मात्र पैसे न देणारा ग्राहक किती किमतीचा, हे एकदा कॅल्क्युलेटर घेऊन तपासा. ४ लाख ८० हजार वर्षभर अडकल्यावर तुम्ही ते भरून काढायला किती टक्क्यांनी कर्ज घेतलंत? ते व्याज त्या ग्राहकाच्या नफ्यातून वजा करा. कधी कधी उत्तर शून्याच्या खाली येतं.

हे सगळं वाद झाल्यावरचं झालं. वाद व्हायच्या आधी एक ओळ तुमच्या कोटेशनवर आणि भागीदारीच्या करारात टाका. साधारण अशी:

"या व्यवहारातून वाद झाल्यास दोन्ही पक्ष लेखी सूचनेपासून ४५ दिवसांत, दोघांना मान्य असलेल्या आणि कुणाशीही व्यवहार नसलेल्या मध्यस्थामार्फत तो मिटवण्याचा प्रयत्न करतील. ठिकाण पुणे, भाषा मराठी, खर्च निम्मा-निम्मा. यामुळे कायद्याने मिळालेला कोणताही हक्क कमी होणार नाही."

ठिकाण आणि भाषा तुमच्या सोयीची लिहा, आणि छापण्याआधी वकिलाला एकदा दाखवा. शेवटचं वाक्य काढू नका, एमएसएमई कायद्याचे हक्क शाबूत आहेत हे त्याने स्पष्ट होतं. मोठ्या कंपन्यांच्या पीओच्या मागच्या बाजूला बारीक अक्षरात उलट लिहिलेलं असतं, "वाद झाल्यास आमचे व्यवस्थापकीय संचालक नेमतील तो लवाद." ज्याचा निकालात हितसंबंध आहे त्याने एकट्याने लवाद नेमायचा नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१९ सालीच सांगितलंय. तरी अशा ओळी अजून छापल्या जातात, आणि आपण पीओची मागची बाजू वाचत नाही.

पुढच्या व्हिडिओत डिलिव्हरी चलान आणि थकबाकीचं मान्यतापत्र, दोन्हींचे मराठी नमुने दाखवणार आहे. तोपर्यंत ज्यांचे पैसे अडकलेत त्यांनी जुन्या फाइलमधून सहीची चलानं काढून तारखेप्रमाणे लावून ठेवा.